टीसीएसपीसीमध्ये आलेले १८ पिकोसेकंद खरे मानावेत का?

क्षणभंगुर

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. मूळची सेंद्रिय रसायनवाली, त्यामुळे रेणू बनवता येतात, मोजायला आत्ता कुठे शिकतेय. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

माझ्या रेणूत दोन कड्या एका साध्या बंधाने जोडलेल्या आहेत. उत्तेजित झाला की तो बंध पिळला जातो आणि उजेड मरतो, असा आमचा अंदाज. पाण्यात जवळजवळ काळोख, ग्लिसरॉलमध्ये मात्र छान चमकतो. क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनांपैकी उजेड म्हणून परत येणाऱ्यांचा वाटा) पाण्यात ०.०००८, ग्लिसरॉलमध्ये ०.१२. उत्सर्जनाचा माथा ४९० नॅनोमीटरच्या आसपास.

आमच्याकडे टीसीएसपीसी आहे, म्हणजे लेझर पल्सनंतर एकेक फोटॉन किती वेळाने आला ते मोजणारं यंत्र. ४०५ नॅनोमीटरचा पल्स्ड डायोड लेझर, ४० मेगाहर्ट्झ, साधा पीएमटी (फोटॉन टिपणारा डिटेक्टर). लुडॉक्स (उजेड नुसता विखुरणारं द्रावण) घालून आयआरएफ, म्हणजे यंत्राचा स्वतःचा प्रतिसाद, घेतला तर रुंदी १९० पिकोसेकंद. ग्लिसरॉलमध्ये सरासरी लाइफटाइम (उजेड मावळण्याचा काळ) ४१० पिकोसेकंद येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पाण्यात ४७० वर मोजलं तर दोन घटक येतात: १८ पिकोसेकंद (ॲम्प्लिट्यूड ९७%) आणि २.१ नॅनोसेकंद (३%). काय-स्क्वेअर (फिट किती जुळतो त्याचा आकडा) १.०८. ५४० वर मोजलं तर तेच १८, पण वाटा ९०% वर उतरतो.

सर म्हणाले, निळ्या बाजूला वेगवान घटक जास्त म्हणजे सॉल्व्हेशन (उत्तेजित रेणूभोवती पाण्याचे रेणू सावरून बसणं), लिहायला घे. प्रयोगशाळेतला मित्र म्हणतो, १९० च्या आयआरएफने १८ मोजणं म्हणजे गव्हाच्या चाळणीने रवा चाळणं. मी मधल्या मध्ये. १८ वर विश्वास ठेवू की नको? शेजारच्या विभागात फेमटोसेकंद लेझर आहे, अपकन्व्हर्जन करतात असं ऐकलंय. दोन दिवस मागितले तर मिळतील, पण तिथे जाऊन फजिती नको.

गॉगल कुठाय

दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. 'तू' म्हणतो.

आधी एक विचारतो. नुसतं पाणी घालून, रंगाशिवाय (म्हणजे तुझ्या रेणूशिवाय), त्याच स्लिटवर, तेवढाच वेळ मोजलंस का? तुझ्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेख नाही आणि ४७० हा आकडा वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

हिशोब कर. ४०५ नॅनोमीटर म्हणजे साधारण २४,६९० वेव्हनंबर (एका सेंटिमीटरमागे तरंग). पाण्याच्या ओ-एच ताणाचं रामन, म्हणजे पाण्याने थोडी ऊर्जा ठेवून घेऊन विखुरलेला उजेड, ३४०० च्या आसपास. वजा केलेस की २१,२९०, म्हणजे ४७० नॅनोमीटर. तू बरोबर पाण्याच्या रामनच्या डोक्यावर मोनोक्रोमेटर लावून बसली आहेस. रंग चांगला चमकणारा असता तर काही बिघडलं नसतं, रामन त्याच्या उजेडात बुडून गेलं असतं. पण तुझा क्वांटम यील्ड ०.०००८ आहे. अशा अंधारात पाणीही 'चमकताना' दिसतं. रामनला लाइफटाइम नसतो, ते लेझर असेपर्यंतच असतं. म्हणजे फिटिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नजरेत तो अतिवेगवान घटक. ५४० वर तो नाही, म्हणून तिथे वेगवान वाटा कमी. याला सॉल्व्हेशन म्हणून छापलंत तर पहिलाच समीक्षक हेच विचारेल. निदान विचारायला हवं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, पोळलेल्या तोंडाने सांगतोय. माझ्या पीएचडीत मला एका रंगात १५० फेमटोसेकंदांचा घटक सापडला होता. पाच आठवडे मी त्याच्या प्रेमात होतो. तापमान बदलून पाहिलं, संहती बदलून पाहिली, तो ढिम्म हलेना. मला वाटलं केवढा भक्कम निकाल! ग्रुप मीटिंगमध्ये आलेख दाखवला तर नुकत्याच आलेल्या एका मुलीने भीत भीत विचारलं, "रिकामी क्युव्हेट लावून बघितली होती का?" नव्हती बघितली. दुपारी नुसता सॉल्व्हंट लावला, तोच घटक, तसाच दिमाखात. कशानेच हलत नव्हता कारण त्याचा माझ्या रंगाशी संबंधच नव्हता. तेव्हापासून शून्य वेळेजवळ जे काही दिसतं ते मी आधी सॉल्व्हंटच्या, काचेच्या आणि लेझरच्या नावावर लिहितो. उरलं तर नमुन्याचं.

आता १८. आयआरएफ वजा करून, म्हणजे डीकन्व्होल्यूशन करून, त्याच्या रुंदीच्या दहाव्या भागापर्यंत जाता येतं असं मानतात, तेही सगळं जुळून आलं तर. १९० चा दहावा भाग १९. तुझं उत्तर १८. विहिरीत दोर सोडला आणि तो अठरा हातांवर ढिला पडला तर पाणी अठरा हातांवर आहे असं नाही, कदाचित दोरच तेवढा आहे. एक करून बघ: फिटमध्ये आयआरएफला पुढेमागे सरकवायची जी मुभा असते, ती एक चॅनल (वेळेचा एक कप्पा) इकडे आणि एक चॅनल तिकडे बांधून पुन्हा फिट कर. १८ चे ५ झाले किंवा ३५ झाले आणि काय-स्क्वेअर मात्र जागचा हलला नाही, तर समजून जा. शिवाय तू आयआरएफ ४०५ वर घेतलास आणि नमुना ४७० वर. पीएमटीमध्ये इलेक्ट्रॉन सुटण्याची वेळ तरंगलांबीनुसार किंचित बदलते, ते काही पिकोसेकंद फुकटात घुसतात. १.०८ बघून हुरळू नकोस. काय-स्क्वेअर एवढंच सांगतो की वक्र बिंदूंवरून जातो.

मुळातली अडचण समजून घे, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पीएमटीमध्ये एका फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो डायनोडवर आपटून अनेक होतात, ते पुन्हा आपटतात. प्रत्येक वेळी वाट थोडी वेगळी. ही वेळेची पसरण हाच तुझ्या घड्याळाचा जाड काटा. मायक्रोचॅनल प्लेटवाला डिटेक्टर लावलास तर आयआरएफ ३० पिकोसेकंदांपर्यंत येईल, अतिवाहक नॅनोवायरवाले त्याहून खाली जातात. तरी इलेक्ट्रॉनिक्सच्या घड्याळाला कुठेतरी भिंत आहेच.

म्हणून घड्याळच बदलायचं. उजेड एका पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो. डिले स्टेजवर (सरकत्या पाटावर) रेट्रोरिफ्लेक्टर (उजेड आल्या दिशेने परत पाठवणारा आरसा) ठेवून तो १ मायक्रॉन सरकवलास तर उजेडाची वाट जाऊन-येऊन २ मायक्रॉनने वाढते, म्हणजे ६.६७ फेमटोसेकंद. मायक्रॉन मोजणं सोपं आहे, फेमटोसेकंद नाही. ही युक्ती लेझरच्याही आधीची: १८९९ मध्ये आब्राम आणि लमवान यांनी ठिणगीचा उजेड आरशांवरून लांबच्या वाटेने फिरवून केर परिणाम (विद्युत क्षेत्रात माध्यमाने उजेडाचं ध्रुवीकरण वळवणं) किती लवकर मावळतो ते मोजलं होतं. त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी एडमंड बेकेरेल भोकं पाडलेल्या तबकड्या फिरवून फॉस्फरसन्स मोजत होता. एका भोकातून ऊन आत, जरा वेळाने दुसऱ्या भोकातून उजेड बाहेर. आपण आजही तेच करतो, फक्त तबकडीच्या जागी पल्स आला.

अपकन्व्हर्जनमध्ये ८०० नॅनोमीटरच्या पल्सचे दोन भाग करतात. एकाची वारंवारिता दुप्पट करून ४०० केलं की तो नमुना उत्तेजित करतो. दुसरा, म्हणजे गेट, ८०० चाच राहतो, डिले स्टेजवरून फिरून येतो आणि नमुन्याच्या फ्लुरोसन्सला पातळ बीबीओ स्फटिकात गाठतो. दोघं एकाच क्षणी तिथे असतील तरच बेरजेचा फोटॉन निघतो: ४९० आणि ८०० मिळून ३०४ नॅनोमीटर. गेट येण्याआधीचा उजेड नाही, नंतरचा नाही, फक्त त्या क्षणाची फाक. डिटेक्टर कितीही मंद असला तरी चालतो, कारण वेळ त्याने मोजायचीच नाही, फक्त अतिनील फोटॉन मोजायचे. स्टेज सरकवत जायचं आणि वक्र बिंदूबिंदूने उभा राहतो. मार आणि हिर्श यांनी हे १९७५ मध्ये पहिल्यांदा करून दाखवलं.

जाताना काय तयारी करायची ते सांगतो. नमुना भरपूर ने, फिरत्या किंवा वाहत्या सेलमध्ये घालता येईल एवढा. एकाच जागी लेझर बसत राहिला तर रंग जळतो आणि तू जळण्याचा वेग मोजत बसतेस. शून्य वेळ शोधायला तुझा रेणू अजिबात वापरू नकोस. सबपिकोसेकंदाचं शिखर काही सेंटिमीटरच्या स्टेजवर शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. एखादा नॅनोसेकंदवाला रंग घाल, कुमारिन चालेल. तिथे शिखर नसतं, पायरी असते: शून्याच्या अलीकडे काही नाही, पलीकडे सिग्नल टिकून राहतो. पायरी सापडली की नुसतं पाणी लाव. ४०० च्या उत्तेजनाला पाण्याचं रामन ४६३ वर येतं, बेरजेत २९३ वर. ज्या रामनने तुला गंडवलं तेच इथे कामाला येतं, कारण त्याला लाइफटाइम नाही. त्याची रुंदी म्हणजे तुझा आयआरएफ, तोही फ्लुरोसन्सच्या वाटेनेच आलेला. उरलेला ४०० आणि गेट मिळून २६७ वर जे येतं ते मोनोक्रोमेटरने दूर ठेव.

पातळ स्फटिक घेतला तर वेळ बारीक मिळते पण सिग्नल रोडावतो, जाड घेतला तर उलट. तुझ्या मंद नमुन्याला काय परवडतं ते तिथल्या माणसांना विचार, त्यांना त्यांचं टेबल माहीत असतं. उत्तेजनाचं ध्रुवीकरण ५४.७ अंशांवर ठेवायला सांग. आणि गॉगल घालून जा. माझं टोपणनाव उगाच पडलेलं नाही.

काजवा

गॉगलदादांशी सहमत, पण अपकन्व्हर्जनला एक कंटाळा आहे तो त्यांनी सांगितला नाही. स्फटिक एका कोनात एकाच रंगाच्या पट्ट्याला जुळतो. ४९० झालं, ५२० हवं तर स्फटिक फिरवा, पुन्हा स्कॅन. दोन दिवसांत तीन-चार तरंगलांब्या झाल्या तर नशीब समजा.

कुठे केर गेट असेल तर विचारून बघा. दोन काटकोनी पोलरायझरच्या मध्ये माध्यम असतं, गेट पल्स आला की तेवढ्यापुरतं ते ध्रुवीकरण वळवतं आणि दार उघडतं. सगळा वर्णपट एकदम आत येतो. १९६९ मध्ये ड्युगे आणि हॅन्सन यांनी कार्बन डायसल्फाइड वापरून हे केलं, ते माध्यम दोनेक पिकोसेकंद रेंगाळतं. आता फ्यूज्ड सिलिकासारखी चपळ माध्यमं वापरतात, पण दार कमी उघडतं आणि पोलरायझरमधून थोडा उजेड कायम गळत राहतो. तुमच्या २.१ नॅनोसेकंदवाल्या घटकाची गळती तिथे डोकेदुखी होईल.

स्ट्रीक कॅमेऱ्याचा मोह धरू नका. वर्णपट आणि वेळ एकाच चित्रात, दिसायला देखणं, पण दर सेकंदाला कोट्यवधी पल्स एकावर एक रचून घेतल्यावर बहुतेक ठिकाणी काही पिकोसेकंदांच्या खाली जात नाही.

आकडेमोड

सगळ्यांनी यंत्रांकडे धाव घेतली. कागद-पेन्सिलने होईल तेवढं आधी करू या.

क्षणभंगुर, तुम्ही ९७% म्हणताय ते ॲम्प्लिट्यूडचे. उजेड म्हणजे ॲम्प्लिट्यूड गुणिले लाइफटाइम. ०.९७ गुणिले १८ म्हणजे १७.५. ०.०३ गुणिले २१०० म्हणजे ६३. तुमच्या स्वतःच्याच फिटनुसार ४७० वरचे ७८% फोटॉन त्या 'क्षुल्लक' ३ टक्केवाल्या घटकाचे आहेत. ५४० वर हाच हिशोब केला तर वेगवान घटकाकडे उरतात फक्त ७%. माझी पैज त्या २.१ नॅनोसेकंदावर आहे: अशुद्धी. बहुधा पिळता न येणारा कुठला तरी उपपदार्थ. तुम्ही मोजलेला ०.०००८ हा क्वांटम यील्डसुद्धा बराचसा त्याचाच.

आता गंमत. ग्लिसरॉलमध्ये ४१० पिकोसेकंद आणि यील्ड ०.१२. भागा: उत्सर्जनाचा नैसर्गिक काळ साधारण ३.४ नॅनोसेकंद. पाण्याचा अपवर्तनांक वेगळा असल्याने यात वीसेक टक्के इकडेतिकडे होईल, ग्लिसरॉलमधला क्षय एकेरी नसेल तर आणखी थोडं. होऊ द्या. पाण्यात वेगवान घटकाचा यील्ड म्हणजे ०.०००८ चे २२%. त्याला ३४०० पिकोसेकंदांनी गुणलं की ०.६ पिकोसेकंद. २२% मध्ये रामनही मिसळलेलं असणार, म्हणून ५४० वरचे ७% घ्या: ०.१९. दोन टोकं धरा, ०.२ ते ०.६.

टीसीएसपीसी छोट्या लाइफटाइमचा आकडा देऊ शकत नाही, पण त्या टोकदार शिखराखाली किती फोटॉन आहेत ते चोख मोजतं. १८ फेकून द्या, क्षेत्रफळ ठेवा.

क्षणभंगुर

आकडेमोड, तुमची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. तेवढ्यात दोन साध्या गोष्टी उरकल्या.

नुसतं पाणी: ४७० वर शिखर आहे. तेवढाच वेळ मोजल्यावर माझ्या 'वेगवान घटका'तले निम्म्याहून जास्त फोटॉन पाण्याचेच निघाले. मग ३७५ चा लेझर मिळवला. गॉगलदादांच्या पद्धतीने हिशोब केला तर रामन ४३० वर जायला हवं, आणि गेलं. ४७० वरचा वाटा लगेच घसरला. आयआरएफ एक चॅनल सरकवून बघितला: १८ चे ७ झाले, काय-स्क्वेअर १.०९. सरांना दाखवलं. ते बराच वेळ आलेखाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं झालं, पाठवला नव्हता."

आता शुद्धीकरणाचा कॉलम पुन्हा चालवतेय. सापडला तर उपपदार्थाचं नाव सांगते.

क्षणभंगुर

सहा आठवड्यांनी परत येतेय.

उपपदार्थ सापडला. कड्या दुसऱ्या जागीही जोडल्या गेलेला, म्हणजे पिळायला वावच नसलेला. पैज तुम्ही जिंकलात. दोनदा कॉलम केल्यावर २.१ नॅनोसेकंदवाला घटक जवळजवळ गेला आणि पाण्यातला यील्ड ०.०००२ च्या खाली उतरला.

अपकन्व्हर्जनला दीड दिवस मिळाला. पहिली दुपार शून्य शोधण्यातच गेली. कुमारिनची पायरी दिसेना, कारण वाट मोजताना मी एक आरसा मोजायचा विसरले होते, आणि स्टेजची सगळी धाव शून्याच्या अलीकडेच होती. तिथल्या ताईंनी मेजरिंग टेप हातात दिला आणि काही न बोलता निघून गेल्या. संध्याकाळी पायरी आली. पाण्याच्या रामनने आयआरएफ २४० फेमटोसेकंद. मग माझा रेणू: ४९० वर मुख्य घटक ०.४ पिकोसेकंद, मागे २ पिकोसेकंदांची बारीक शेपटी, दहाएक टक्के. रात्री अकराला तो वक्र पडद्यावर एकेक बिंदूने खाली उतरताना बघितला. एका बिंदूला वीस सेकंद, आणि प्रत्येक बिंदूला वाटायचं की हा वर जाणार.

शेपटीचं काय करू? ५२० वर घ्यायला सुरुवात केली आणि वेळ संपला.

गॉगल कुठाय

शाब्बास. ०.४ ला हात लावू नकोस, २४० च्या आयआरएफमधून तो रीतसर निघतो.

शेपटीला इतक्यात नाव देऊ नकोस. ५२० आणि ५६० वर तिचा वाटा वाढला तर पिळलेल्या किंवा अर्धवट सैलावलेल्या अवस्थेचा उजेड असू शकतो. सगळीकडे दहाच टक्के राहिली तर आधी नुसतं पाणी पुन्हा लाव आणि रामनच्या मागेही तशीच शेपटी आहे का बघ. गेट पल्सच्या मागे आरशातून आलेला एखादा लहान पल्स असला तर तो सगळ्यांनाच शेपटी लावतो. पाण्यात दहा टक्के ग्लिसरॉल घालून ०.४ आणि २ यांतलं कोण लांबतं तेही पाहा. पिळण्याशी संबंध असेल तो लांबेल.

क्षणभंगुर

रामनच्या मागची शेपटी बघायचं सुचलंच नाही. डेटा आहे, आज रात्री लॉग स्केलवर काढून बघते. पुढची तारीख मागायला तसंही तिकडे जायचंच आहे, गॉगल तिथेच विसरलाय.